काचबिंदूचे थेंब डोळ्यांना झोंबतात, ते का?

माझी मोठी माय सत्तरी ओलांडलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी ती एकटी राहते. पाच वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शिबिरात तपासणी झाली आणि तिथे काचबिंदू निघाला. तेव्हापासून एक थेंब सकाळ-संध्याकाळ आणि दुसऱ्या शिशीतला रात्री झोपताना, असं तिचं औषध सुरू आहे. मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो, तर दोन्ही शिश्या देवळीत धूळ खात पडल्या होत्या. विचारलं तेव्हा म्हणाली, "थेंब टाकला का डोये आग आग करतात रे बाबू. दिवसभर रेती गेल्यावानी वाटते. आन् तसं त मले बरं दिसते. मंग काहून टाकू?"

तिला मी रागावलो नाही, कारण तिच्या बाजूने पाहिलं तर तिचं बरोबरच होतं. काचबिंदूचं औषध घेतल्याने नजर वाढत नाही, दुखणं थांबत नाही, काहीच जाणवत नाही. जाणवते ती फक्त आग. ज्याचा फायदा दिसत नाही आणि त्रास रोज होतो, ते औषध माणूस किती दिवस घेईल?

पण ती आग कशाची होती हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही तोवर ठाऊक नव्हतं. पुष्कळदा ती औषधाची नसतेच. शिशीत औषधासोबत आणखी एक रसायन असतं, त्याची असते. आपल्याकडे घरोघरी कुणी ना कुणी असे थेंब टाकतं, म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

आधी काचबिंदू, थोडक्यात

डोळ्याच्या आत एक पातळ पाणी सतत तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर निघून जातं. हे आसवांचं पाणी नव्हे, ते बाहेरून असतं, हे आतलं. जाळी तुंबली किंवा तिच्याकडे जायची वाट अरुंद झाली की पाणी साचतं आणि डोळ्याचा दाब वाढतो. लोक याला "डोळ्याचं प्रेशर" म्हणतात. साधारण १० ते २१ हे प्रेशर ठीक मानलं जातं, पण काहींची नस एवढ्या ठीक दाबातही खराब होते. नस म्हणजे डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाणारी, दहा लाखांहून जास्त धाग्यांची दोरी. दाबाने तिचा एकेक धागा मरत जातो. आधी कडेची नजर जाते, समोरचं बराच काळ नीट दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मेलेला धागा परत जिवंत होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून दिसायला लागतं, तसं काचबिंदूत होत नाही. काही गावांत याला काळा मोतिया म्हणतात, त्यामुळे लोकांना तोही "पिकल्यावर काढू" असा वाटतो. तो काढता येत नाही, फक्त थोपवता येतो. २०१० साली मांडलेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे.

थोपवायचा पहिला उपाय म्हणजे प्रेशर कमी करणारे थेंब. ते बहुधा जन्मभर टाकावे लागतात.

शिशीत औषधाशिवाय काय असतं?

थेंबाची शिशी एकदा फोडली की महिनाभर चालते. या महिन्यात तिचं टोपण साठ-सत्तर वेळा उघडतं. कधी तिचं टोक पापणीला लागतं, कधी बोटाला. शेतातून आलेल्या हाताने ती उचलली जाते. पाण्यासारख्या द्रवात एक जंतू शिरला की दोन दिवसांत त्याचे लाखो होऊ शकतात. ते होऊ नये म्हणून औषधात जंतू मारणारं एक रसायन आधीच घातलेलं असतं. त्याला प्रिझर्वेटिव्ह म्हणतात.

आपण कोठीतल्या गव्हाला बोरिक पावडर चोळतो. ती आपल्या पोटासाठी नसते, गव्हाला सोंडे लागू नयेत म्हणून असते. दळण्याआधी आपण गहू निवडतो, धुतो, वाळवतो. प्रिझर्वेटिव्हही असंच शिशीच्या राखणीसाठी आहे. फरक एवढाच की डोळ्यात टाकण्याआधी थेंब धुता येत नाही. औषध आणि राखणदार दोघंही सोबतच डोळ्यात उतरतात.

जगभरातल्या डोळ्यांच्या थेंबांत सर्वात जास्त वापरलं जाणारं प्रिझर्वेटिव्ह म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड. डॉक्टर त्याला थोडक्यात बीएके म्हणतात. १९३५ साली गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाने या जातीच्या रसायनांचा जंतुनाशक गुण जगापुढे मांडला आणि पुढच्या काळात ते डोळ्यांच्या औषधांतही आलं. स्वभावाने ते साबणाच्या कुळातलं आहे. जंतूभोवती तेलकट पदार्थाचं आवरण असतं. बीएके त्याला चिकटतं, ते विरघळवतं आणि जंतू फुटून मरतो. काम चोख आहे. पण मुश्कील ही, की आपल्या डोळ्यावरही तेलाचं आवरण आहे आणि आपल्या पेशीही तशाच आवरणात गुंडाळलेल्या आहेत. हे आवरण जंतूचं आणि ते माणसाचं, असं साबणाला कळत नाही.

तर्रीत साबणाचा थेंब

आपला डोळा उघडा दिसतो, पण तो कधीच उघडा नसतो. बुबुळावर आसवांचा एक अतिशय पातळ थर कायम पसरलेला असतो. प्रत्येक वेळी पापणी मिटली की तो नव्याने सारवला जातो. या थरात तीन गोष्टी आहेत. सर्वात खाली चिकट शेंबडासारखा पदार्थ, मध्ये पाणी आणि वर तेल.

वरचं तेल म्हणजे आपल्या रश्शावरची तर्री समजा. तर्री जाड असली की खालचा रस्सा लवकर थंड होत नाही, त्याची वाफ उडत नाही. डोळ्यावरची तर्री पापणीच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथी तयार करतात आणि तिच्यामुळे खालचं आसवांचं पाणी उडून जात नाही. आता रश्शाच्या वाटीत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून पहा. तर्री क्षणात फाटते, तिचे बारीक गोळे होऊन ती बाजूला पळते. बीएके डोळ्यावरच्या तेलाचं हेच करतं. आवरण फाटलं की पाणी उडायला लागतं आणि डोळा कोरडा पडतो. निरोगी डोळ्यात पापणी न मिटता आसवांचा थर दहा सेकंद किंवा जास्त टिकतो. अशा डोळ्यात तो त्याआधीच तुटतो.

मधल्या पाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खालच्या चिकट थराबद्दल मात्र आहे. शेणाने सारवलेल्या ओसरीवर पाणी शिंपडलं तर ते सगळीकडे सारखं पसरतं. तेल सांडलेल्या फरशीवर ते मोत्यांसारखं गोळा होतं. डोळ्यावरचा चिकट पदार्थ म्हणजे ते सारवण. पांढऱ्या भागावरच्या पातळ त्वचेतल्या काही खास पेशी तो बनवतात, आणि बीएके असलेले थेंब वर्षानुवर्षं टाकणाऱ्यांत या पेशींची संख्या घटल्याचं आढळतं. सारवण गेलं की असलेलं पाणीही नीट पसरत नाही. म्हणून काही रोग्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं आणि तरीही डोळा कोरडा असतो. मोठी माय मला म्हणायची, "कोरडा कसा रे, सारखं पाणी त येते." ते पाणी डोळ्याने घाबरून सोडलेलं असतं; ते गालावर येतं, बुबुळावर टिकत नाही.

आणखी खाली बुबुळाची पारदर्शक काच आहे. तिच्या वरच्या पेशी विटांसारख्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. बीएके दोन विटांमधला गारा सैल करतं. सांधे उघडले की धूळ, धूर, घामाचं मीठ आत पोचतं आणि तिथे मज्जातंतूंची अतिशय दाट जाळी आहे. शरीरातल्या सर्वात हळव्या जागांपैकी ही एक. रेती गेल्यासारखं वाटतं ते इथून. खरी रेती नसते, पण वेदना खरी असते. घरच्यांनी आरसा धरून, पापणी उलटून "काहीच नाही" असं सांगणं हे रोग्याला खोटं ठरवणं आहे.

या सगळ्यावर डोळ्याचं उत्तर म्हणजे सूज. पांढऱ्या भागात लाली येते, काही वेळा बाहेरून दिसणार नाही अशीही मंद सूज वर्षानुवर्षं राहते. तिचा एक परिणाम फार उशिरा कळतो. थेंबांनी प्रेशर आटोक्यात आलं नाही, तर डॉक्टर ऑपरेशन करून पाण्याला नवी वाट काढून देतात. ती वाट याच पांढऱ्या भागावरच्या त्वचेखाली असते. तिथे आधीपासून सूज असली तर जखम गरजेपेक्षा जास्त भरून येते आणि काढलेली वाटच बुजते. प्रिझर्वेटिव्ह असलेले बरेच थेंब दीर्घकाळ टाकलेल्यांत हे ऑपरेशन फसण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे.

एवढ्याशा थेंबाने काय होणार?

हा प्रश्न मलाही पडला होता. थेंबांत बीएके साधारण ०.००४ ते ०.०२ टक्के असतं. ०.०२ टक्के म्हणजे दहा हजार भागांत दोन भाग. ऐकायला काहीच नाही. पण मोठ्या मायचा हिशोब करा. दिवसाला एका डोळ्यात तीन थेंब, वर्षाचे १०९५, पाच वर्षांचे जवळपास साडेपाच हजार. डोळे आल्यावर आठवडाभर टाकलेले थेंब आणि हे, यांची तुलनाच होऊ शकत नाही. बुबुळाच्या वरच्या पेशी आठवड्याभरात नव्या होतात, म्हणून थोड्या दिवसांची इजा डोळा भरून काढतो. रोज तीनदा, सुट्टी न घेता झालेली इजा त्याला भरून काढता येत नाही. शिवाय बीएके डोळ्यातून लगेच धुतलं जात नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एका थेंबानंतर ते काही दिवस बुबुळाच्या पेशींत सापडलं आहे.

फ्रान्समध्ये ४१०७ काचबिंदूच्या रोग्यांची पाहणी झाली होती. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. थेंब टाकताना दुखणं किंवा त्रास होणं हे प्रिझर्वेटिव्हवाले थेंब घेणाऱ्यांत ४३ टक्के होतं, बिनप्रिझर्वेटिव्हवाल्यांत १७ टक्के. डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं वाटणं ३१ विरुद्ध १४ टक्के. आग होणं ४० विरुद्ध २२ टक्के. बिनप्रिझर्वेटिव्हवाल्यांचे आकडेही शून्य नाहीत, हे पहा. त्याकडे पुढे येतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नंतरच्या काळात अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा काहींमध्ये दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही. अशा चाचण्या बहुधा काही आठवडे किंवा महिने चालतात आणि ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत त्यांना पुष्कळदा त्यातून वगळलं जातं. त्यामुळे माझं मत असं झालं आहे की हा त्रास सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना खूप होतो. वय जास्त, पाळी गेलेल्या बाया, मधुमेह, आधीच कोरडे डोळे, दोन-तीन शिश्या आणि बरीच वर्षं, यांत तो जास्त. शेजारच्या काकाजींना एका शिशीने काहीच होत नाही म्हणून मोठ्या मायची तक्रार खोटी ठरत नाही.

"झोंबते म्हणजे औषध लागू पडते"

ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. जखमेवर टिंक्चर झोंबलं म्हणजे ते काम करतंय, असं आपण लहानपणापासून ऐकलं. काचबिंदूच्या थेंबांना हे लागू नाही. प्रेशर कमी होणं आणि आग होणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. अजिबात न झोंबणारा थेंबही प्रेशर तितकंच उतरवू शकतो.

उलट टोकाची समजूतही चूक आहे, की सगळा दोष प्रिझर्वेटिव्हचाच. काही औषधं स्वतःच झोंबतात. डॉर्झोलामाइड किंचित आंबट असतं, ते टाकताना चुरचुरतं आणि नंतर घशात कडू लागतं. लॅटानोप्रोस्टच्या जातीची औषधं स्वतःच डोळा लाल करतात, पापणीचे केस लांब करतात, पापणीभोवतीची कातडी काळवंडते. ब्रिमोनिडीनची काहींना ॲलर्जी येते, कधीकधी वापर सुरू करून कित्येक महिन्यांनी. फ्रान्सच्या पाहणीतले बिनप्रिझर्वेटिव्हवाले १७ टक्के आले असावेत ते औषधाच्या अशाच स्वतःच्या त्रासातून, आणि वयानुसार येणाऱ्या कोरडेपणातून.

आपल्या भागाचा वाटाही मोठा आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. कोरड्या झळा डोळ्यातलं पाणी ओढून घेतात. रात्री कूलरचा झोत थेट तोंडावर असतो. दिवाळीनंतर कापूस वेचणीची धूळ, मग तुरीचं थ्रेशर आणि उडणारं कुटार, बारा महिने चुलीचा धूर. तर्री आधीच फाटलेली असेल, तर हे सगळं उघड्या बुबुळावर येऊन पडतं. गहू सोंगायच्या दिवसांत डोळा जास्त लाल होतो आणि माणूस म्हणतो की थेंब गरम पडले.

मग ते रसायन टाकतातच कशाला?

कारण ते नसलं तर याहून वाईट होऊ शकतं. २०२३ साली अमेरिकेत कोरड्या डोळ्यांसाठीच्या कृत्रिम आसवांतून एक हट्टी जंतू पसरला. ते थेंब भारतात तयार झाले होते. शिशी पुन्हा पुन्हा वापरायची होती आणि तिच्यात प्रिझर्वेटिव्ह नव्हतं. १८ राज्यांत ८१ रोगी सापडले. १४ जणांची नजर गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघांचा जीव गेला.

म्हणून प्रिझर्वेटिव्हला विष म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. नुसतं प्रिझर्वेटिव्ह काढून टाकायचं असेल, तर शिशीची राखण दुसऱ्या कशाने तरी करावी लागते. ती दोन प्रकारे करतात. एक म्हणजे एका वेळेपुरत्या प्लॅस्टिकच्या बारीक कुप्या: मान मोडायची, थेंब टाकायचा, कुपी फेकायची. दुसरी म्हणजे खास तोंडाची शिशी, जिच्यातून थेंब बाहेर येतो पण बाहेरची हवा जंतूंसकट आत जात नाही.

दोन्हींत अडचणी आहेत. कुपीत एक थेंब टाकूनही औषध उरतं आणि आपल्या बायांच्याने उरलेलं फेकवत नाही. ती उद्यासाठी ठेवली जाते. तसं करू नका. त्या उरलेल्या औषधाला राखणदारच नाही. खास तोंडाच्या शिशीला जोर जास्त लागतो, आणि आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या, सांधे धरलेल्या बोटांना ती दाबता येत नाही.

तिसरा मार्ग मधला आहे. काही शिश्यांत बीएकेऐवजी सौम्य प्रिझर्वेटिव्ह असतं. पॉलीक्वाटर्नियम नावाच्या एका रसायनाचे रेणू इतके मोठे असतात की माणसाच्या पेशींत ते सहज शिरत नाहीत. दुसरं एक, क्लोरिन आणि ऑक्सिजनचं संयुग, डोळ्यात पडल्यावर मीठ, पाणी आणि ऑक्सिजनमध्ये मोडून जातं. पूर्ण निर्दोष कुणीच नाही, पण बीएकेपेक्षा डोळ्याला सोपं.

बिनप्रिझर्वेटिव्हचं औषध कमी काम करतं का?

फवारणी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न लगेच सुचेल. कपाशीच्या पानावर औषध नीट पसरावं म्हणून पंपात आपण स्टिकर टाकतो. बीएकेही साबणाच्याच कुळातलं. ते बुबुळाचे सांधे सैल करतं, मग त्याच वाटेने औषध आत चांगलं शिरत असेल ना? बऱ्याच काळापर्यंत डॉक्टरांनाही असंच वाटायचं. पण दोन्ही प्रकारच्या थेंबांची समोरासमोर तुलना झाली, तेव्हा बिनप्रिझर्वेटिव्हच्या थेंबांनी प्रेशर जवळपास तेवढंच उतरवलं. या औषधांना स्टिकरची गरज लागत नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २००९ साली सांगितलं की ज्यांना प्रिझर्वेटिव्ह सोसत नाही किंवा ज्यांचा इलाज दीर्घकाळ चालणार आहे, त्यांच्यासाठी त्याशिवायचे थेंब उपलब्ध असावेत.

खरी अडचण किमतीची आहे. असे थेंब बहुधा महाग पडतात आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये पुष्कळदा मिळतच नाहीत. ज्या घरात कापसाच्या पैशावर वर्ष निघतं, तिथे दर महिन्याचा हा खर्च कुणाला परवडेल? म्हणून माझ्या मते आधी फुकटात किंवा कमी पैशात होणारं करून पाहावं.

दोन वेगळ्या शिश्या चालू असतील, तर तीच दोन औषधं एका शिशीत मिळतात का, हे डॉक्टरांना विचारायचं. टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड, टिमोलॉल आणि ब्रिमोनिडीन अशा जोड्या मिळतात. शिशी एक झाली की रोजचं प्रिझर्वेटिव्ह आपोआप कमी होतं. लेझरबद्दलही विचारायचं. काचबिंदूच्या ज्या प्रकारात पाण्याची वाट उघडी असते पण जाळी तुंबलेली असते, त्यात एसएलटी नावाचं लेझर जाळी मोकळी करायला मदत करतं. ब्रिटनमध्ये ७१८ रोग्यांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना आधी लेझर दिलं त्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. ते रोगी नव्याने निदान झालेले होते. जुन्या रोग्याला तेवढाच लाभ होईल असं नाही, आणि नस आधीच बरीच गेली असेल तर डॉक्टर वेगळं ठरवतील.

लाली घालवायला मेडिकलमधून थेंब आणले तर?

या लेखातला सर्वात धोक्याचा भाग हा आहे.

गावात डोळा लाल झाला की माणूस मेडिकलमध्ये जातो आणि "डोये लाल झाले, काही दे" म्हणतो. जे मिळतं त्यात कित्येकदा स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारं औषध, असतं. स्टेरॉइडने लाली एका दिवसात जाते, बरं वाटतं, मग माणूस तीच शिशी पुन्हा आणतो. पण स्टेरॉइडचे थेंब काही लोकांत डोळ्याचं प्रेशर वाढवतात आणि ज्यांना काचबिंदू आहे त्यांच्यात ही शक्यता जास्त असते. म्हणजे एका शिशीने प्रेशर उतरवायचं, तिच्यामुळे झालेल्या लालीसाठी दुसरी आणायची आणि तिने प्रेशर चढवायचं. माणूस खर्च करतो, नियमित थेंब टाकतो आणि त्याची नस मरत राहते. नुसती लाली घालवणाऱ्या थेंबांत आणि कृत्रिम आसवांच्या अनेक शिश्यांतही पुन्हा बीएके असतंच. काचबिंदूच्या रोग्याने मेडिकलवाल्याला पहिलं वाक्य हेच सांगावं: मला काचबिंदू आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय डोळ्यात काही टाकायचं नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं

ओपीडीत गर्दी असते. डॉक्टर प्रेशर पाहतात, बरोबर आलं की "चालू ठेवा" म्हणतात. त्या दोन मिनिटांत आपण नीट सांगितलं तर काम होतं. "डोळे दुखतात" एवढंच म्हणू नका. थेंब टाकल्यावर मिनिटभर झोंबतं की दिवसभर रेती वाटते? सकाळी जास्त की संध्याकाळी? पापणी मिचकावली की क्षणभर स्वच्छ दिसतं आणि मग पुसट होतं का? हे शेवटचं असेल तर आसवांचा थर टिकत नाही. अनेकांना ते काचबिंदू वाढल्यासारखं वाटतं आणि ते उगाच घाबरतात. थेंब टाकणं मध्ये बंद केलं असेल तर तेही सांगा. लाजू नका, कारण ते लपवलं तर डॉक्टर औषध पुरत नाही असं समजून आणखी एक शिशी वाढवतील.

कोरडेपणाची तपासणी साधी असते. डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या उजेडात आसवांचा थर किती सेकंदांत तुटतो ते पाहतात. इजा झालेल्या जागी रंगाचे ठिपके दिसतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवून आसवं मोजतात. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळच्या मेडिकल कॉलेजांत डोळ्यांचे विभाग आहेत.

जाताना शिश्या खोक्यांसकट न्या. खोक्यावर बारीक इंग्रजीत प्रिझर्वेटिव्हचं नाव आणि टक्केवारी छापलेली असते. नातवाला मोबाईलवर फोटो काढून मोठं करून वाचायला सांगा. "बी"ने सुरू होणारं बेन्झाल्कोनियम हे लांबलचक नाव लगेच सापडतं. आणि डॉक्टर भेटेपर्यंत थेंब बंद करू नका. डोळ्याच्या वरच्या थराची इजा पुष्कळ अंशी भरून येते, नसेची येत नाही. अचानक खूप दुखलं, धूसर दिसायला लागलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली किंवा उलटी झाली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरी करण्यासारखं

डोळ्यात आसवं किती असतात? सुमारे ७ मायक्रोलिटर. मायक्रोलिटर म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग. शिशीतून पडणारा एक थेंबच ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एकाच थेंबात डोळा भरून वाहतो. दुसरा थेंब गालावर जातो. त्यातून मिळतो तो फक्त त्रास, आणि शिशी लवकर संपते. एकच टाकायचा. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरायचा. त्याने औषध नाकात उतरत नाही. टिमोलॉल घेणाऱ्यांनी हे जरूर करावं, कारण ते रक्तात गेलं तर दम लागू शकतो. दम्याचा आजार असेल तर ते सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगावं. पापणीवर ओघळलेलं स्वच्छ ओल्या कपड्याने टिपून घ्यायचं. दोन शिश्या असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो.

शिशी फोडली ती तारीख तिच्यावर लिहा. बहुतेक शिश्या महिन्यानंतर फेकायच्या असतात. नेमकी मुदत खोक्यावर असते. उन्हाळ्याची एक गोष्ट वेगळी सांगतो. लॅटानोप्रोस्टच्या बऱ्याच शिश्या फोडेपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात आणि फोडल्यावर २५ अंशांच्या आत. मे महिन्यात आपल्या घरात २५ अंश कुठे असतात? फ्रीज असेल तर खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही. नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. त्याच जातीतलं ट्रॅव्होप्रोस्ट थंडीत ठेवावं लागत नाही, पण तेही ४५ अंशांच्या टिनाखाली नको.

मोठ्या मायला आम्ही त्याच उन्हाळ्यात दाखवलं. प्रेशर एका डोळ्यात २८ निघालं. पिवळ्या रंगात बुबुळावर ठिपकेच ठिपके होते. डॉक्टरीणबाईंनी दोन शिश्यांची मिळून रात्रीची एकच केली, तीही बिनप्रिझर्वेटिव्हची दिली, पापणीला गरम कपड्याचा शेक सांगितला आणि कूलरचा झोत पायाकडे वळवायला लावला. तीन महिन्यांनी प्रेशर १७ होतं. डोळ्यांत रेती अजून वाटते, पण उन्हातून आल्यावरच. नवी शिशी तिच्या बोटांनी दाबल्या जात नाही, म्हणून रात्री नऊच्या सुमारास शेजारची सातवीतली पोरगी येते, हात धुते आणि थेंब टाकून जाते. शिशी गावात मिळत नाही. मी दर महिन्याला यवतमाळहून घेतो आणि गावाकडे जाणाऱ्या एसटीत ओळखीच्या कुणाजवळ तरी देतो.